वरचा पाव फेरा

मामांच्या घरातली कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात उघडायची नाही. परंड्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी अंगणातला नळ मला उघडेना. दोन्ही हातांनी जोर लावला. टॉवेल गुंडाळून बघितला. शेवटी मामी आतून पक्कड घेऊन आल्या.

"हात दुखवून घिऊ नगं लेकरा. आमच्यात नळाला बी पाना लागतो. ह्यांनी बंद केलेलं देवाला सुदिक उघडत न्हाय."

लोणच्याची बरणी, खोबरेल तेलाची बाटली, पंख्याचे बोल्ट, बॅटरीचं झाकण, सगळं मामांच्या हातातून गेलेलं. घट्ट बसलं की बाकीची माणसं थांबतात. मामा थांबायचे नाहीत. एक श्वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि आणखी पाव फेरा द्यायचे. "ह्यो वरचा पाव," म्हणायचे. "तुमचं घट्ट जितं संपतं, तितनं माझं सुरू व्हतं."

मामा पोस्टमन होते. आमचं नातं काहीच नव्हतं, पण सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा आणि मीही म्हणायला लागलो. त्यांची सगळी नोकरी भूम तालुक्यात, ईटच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर झाली. रिटायर झाल्यावर परंड्यात चार खोल्या बांधून राहिले होते. बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या फेरीवर, काळी, लोखंडी सायकल. एकदा ओढ्यातून जाताना पुढच्या चाकाचा नट ढिला होऊन पडला, चाक निखळलं आणि टपालाची पिशवी पाण्यात गेली. मामांनी सगळी पत्रं खडकावर उन्हात वाळत घातली, प्रत्येकावर एकेक खडा ठेवला, राखण करत बसले. वाळल्यावर सायकल खांद्यावर घेऊन दारोदार वाटली. पत्त्यांची शाई फुटलेली होती, पण मामांना अक्षरांवरून माणसं कळायची. त्या दिवसापासून वरचा पाव. पुढं एवढ्या वर्षांत त्यांच्या सायकलीचा नट रस्त्यात कधी पडला नाही, हे ते स्वतःच सांगायचे. सांगताना समोरच्याच्या खुर्चीचा स्क्रू चाचपून बघायचे.

दुसरी खोड वजनाची. घरात दोन काटे होते, पत्रं तोलायचा एक लहान तराजू आणि पार्सलचा एक टांगता काटा. दोन्ही कुर्डुवाडीच्या भंगारवाल्याकडून आणलेले. मामींच्या भाकरी तोलायचे. स्वतःची चप्पल तोलायचे, डावी जास्त झिजलीय म्हणून. सुट्टीहून मी परत आलो की आधी माझी पिशवी काट्याला. "साडेसात किलो. ह्यात पुस्तकं किती?"

"दोन, मामा."

"म्हंजे बाकी सगळी चटणी आन् शेंगदाणं. ग्रॅज्युएट व्हायचं का वाणी व्हायचं?"

ग्रॅज्युएट हे माझं नाव त्यांनीच पाडलं, मी पहिल्या वर्षाला असतानाच. मी ते आनंदानं लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आमची मेंढरं. वडील अंगठा लावतात. आमच्या वस्तीवर शाळेचं तोंड बघणाऱ्यांत मी तिसरा आणि दहावीच्या पुढं गेलेला पहिला. त्यामुळं मामांनी चार माणसांत "आमचा ग्रॅज्युएट" म्हणून हाक मारली की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

आता आमच्या वस्तीचं सांगायला पाहिजे, कारण मामांचं सगळं तिथंच अडकलंय.

आमची वस्ती ईटपासून आत, माळावर. खालून वर यायला एकच वाट, दगडगोट्यांची आणि अंगावर येणारी. मामा ती वाट नोकरीभर सायकल ढकलत चढले. खाली सायकल लावून नुसतं पत्र घेऊन वर आले असते तरी चाललं असतं. पण टपालाची पिशवी सायकलीला बांधलेली आणि सायकल सोडून पोस्टमन लांब गेलेला त्यांना खपायचा नाही. वर आले की आमच्या बाजेवर बसून आधी पाणी प्यायचे आणि मग पत्र वाचायचे. वाचायला दुसरं कुणी नव्हतंच. माझा चुलता लष्करात होता, पत्रं त्याचीच यायची. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मामा वाचायला लागले की बायका चुलीवरचं उतरवून यायच्या.

एक पत्र मला आठवतंय. चुलत्यानं लिहिलं होतं की इकडंच एका मुलीशी लग्न केलंय, आता गावाकडं यायचं नाही, आईनं वाट बघू नये. आजीनं त्याच्यासाठी सोनारीच्या यात्रेत मुलगी बघून शब्द दिलेला होता. मामांनी ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, एकाच आवाजात वाचलं. कुठं थांबले नाहीत, कुठं भरभर गेले नाहीत. आजी म्हणाली, "एवढं तरी गाळायचं हुतंस रं बाबा. आमाला काय कळणार हुतं?"

मामा पत्राची घडी घालत म्हणाले, "आजी, म्या निम्मं वाचलं तर निम्मं माझ्यापाशी ऱ्हातं. ते म्या कुठं ठिऊ?"

मग त्यांनी चहा घेतला, सायकलीचे नट चाचपले आणि उतरून गेले. पुढच्या पत्रालाही आजीनं त्यांनाच बोलावलं.

मामांनी मला खोली दिली ती याच ओळखीवर. नाव घालायला आलो तेव्हा वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोराला ठिवतो. तुमच्या घरचं पाणी लई पिलोय."

*

कार्बनच्या सायकलीचं वेड त्यांना कसं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलं. पहिल्या वर्षाची दिवाळीची सुट्टी संपून मी परत आलो होतो. पुण्याकडचे पाच-सहा सायकलवाले किल्ला बघायला आलेले. चकचकीत टोप्या, घट्ट कपडे, जाड टायरांच्या सायकली. लोक माणसांकडं बघत होते, मामा सायकलींकडं. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. मामांनी त्यांना विचारलं, "जरा उचलून बघू का?" त्या म्हणाल्या, "बघा की काका." मामांनी दोन्ही हात लावून, कंबर वाकवून नेटानं उचलायला घेतली आणि सायकल त्यांच्या डोक्याच्या वर गेली. मामा मागं कलले. मी धरलं.

"ही आतनं पोकळ हाय का मॅडम?"

"कार्बन आहे काका. कार्बन फायबर."

मामांनी त्या बाईंना सायकलीसकट घरी आणलं. अंगणातल्या लिंबाला पार्सलचा काटा टांगला, त्याला सायकल टांगली. नऊ किलो आठशे. मामांनी काटा ठोकून बघितला, परत टांगली. नऊ आठशे. मग स्वतःची काळी सायकल टांगली. बावीस किलो.

"हिच्यानं दगडाचा चढ चढतो का?"

"त्यासाठीच असते ही. डोंगरातली सायकल आहे."

"न उतरता?"

"पायांत जोर असेल तर न उतरता."

बाई चहा पिऊन गेल्या. मामा संध्याकाळपर्यंत काट्याखाली बसून होते. मामींनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बारा किलो दोनशे. तेवढं म्या फुकट ढकललं."

मामी म्हणाल्या, "कार्बनपेपरची सायकल करून फिरा आता म्हातारपणी. पावसात भिजली की गावभर काळं."

वही दुसऱ्याच दिवशी उघडली. टपालखात्याच्या जुन्या रजिस्टरासारखी लांबट वही, रेघा हातानं मारलेल्या. डाव्या बाजूला भागाचं नाव: फ्रेम, फोर्क, हँडल, सीटची दांडी, रिमा, चेन, ब्रेक. उजव्या बाजूला ग्रॅम. किमतीचा रकाना नव्हताच. "किंमत पेन्शनला ठावं," म्हणायचे. तयार सायकल घ्यायची नव्हती. एकेक भाग निवडून, तोलून, आपल्या हातानं जोडायची होती. फ्रेम बाहेरदेशातून मागवायची, तैवानची, कारण त्यांच्या उंचीची आणि वजनात बसणारी तीच.

आणि घाई होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, मामी बाजाराला गेलेल्या असताना. बार्शीच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढून सांगितलं होतं की झिजलेत, दोन-तीन वर्षं कशीबशी, मग जिनासुद्धा चढता यायचा नाही. मामा फोटो उजेडात धरून मला दाखवत होते, जणू माझ्याच घरचं पत्र आलंय.

"तुमच्या वस्तीचा चढ एकदा न उतरता चढायचा हाय मला. एकदाच. पिशवी न्हाय, टपाल न्हाय, काय न्हाय. खाली पाय न टेकता वर जाऊन तुमच्या बाजंवर बसायचं. गुडघं जायच्या आत."

"चढाल की मामा."

"तू वाचशील ना इंग्रजी? माझं मराठीच. तिकडचं सगळं इंग्रजीत असतं."

"मी असताना काय काळजी करताय?" मी म्हणालो.

*

तीन वर्षं मी मामांचं इंग्रजी झालो. माझं स्वतःचं इंग्रजी बेताचं होतं, पहिल्या वर्षाला तोच विषय राहिला होता आणि ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण मोबाईल होता. रोज कॉलेजहून आलो की मामा वही घेऊन ओट्यावर बसायचे, मी मोबाईलवर वाचायचो, शब्द अडला की हळूच दुसरीकडं उघडून बघायचो आणि ऐटीत मराठीत सांगायचो. मामा आकडे उतरवून घ्यायचे. इंग्रजी आकडे त्यांना चांगले यायचे. पिनकोड आणि रजिस्टर नंबर लिहिण्यात जन्म गेलेला.

एकेक भाग यायला लागला. रिमा पुण्याहून आल्या, ब्रेक मुंबईहून. आलेला प्रत्येक भाग आधी काट्यावर. वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त भरला की त्यापुढं लाल शाई. मामी पेडल हातात घेऊन म्हणायच्या, "ह्याच्यापेक्षा माझं लाटणं हलकं हाय." मामा खरंच लाटणं तोलायचे.

सगळ्यात शेवटी फ्रेम. मुंबईला कस्टममध्ये अडकली तेव्हा कागद आला, ओळखपत्र पाठवा म्हणून. दुसऱ्या कुणाला वैताग आला असता. मामांना तो कागद आल्याचाच आनंद, कारण त्यावर त्यांचं नाव टाईप केलेलं होतं. मग एक दिवस नव्या पोस्टमनचा फोन आला. "मामा, लई मोठं खोकं हाय, जरा ऑफिसला येऊन घिऊन जाता का?"

"न्हाय," मामा म्हणाले. "टपाल दारात येतं."

"अवो पण गाडीवर बसत न्हाय ते."

"म्या तुमच्यासारखा असताना डोंगर चढून दिलंय. दारात आण लेकरा. च्या पाजतो."

तो बिचारा रिक्षात घालून घेऊन आला. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो पार्सलं दिली. स्वतःच्या नावाचं, बाहेरदेशातून आलेलं पार्सल त्यांच्या दारात पहिल्यांदाच आलं होतं. पोस्टमन गेल्यावरही ते बराच वेळ खोक्यावरचा आपलाच पत्ता वाचत बसले.

फ्रेम काट्यावर टांगली. कंपनीनं सांगितलेल्या वजनापेक्षा चाळीस ग्रॅम जास्त. मामांनी मला कंपनीला पत्र लिहायला लावलं. मी इंग्रजीत लिहिलं, तीनदा फाडून. दोन ओळींचं उत्तर आलं, की आमचं वजन रंग देण्याआधीचं असतं.

"म्हंजे नवरी दागिनं काढून तोलली व्हय!" मामा दिवसभर हसत होते. इतकं हसताना मी त्यांना नंतर कधी बघितलं नाही.

खोक्यात एक कागद होता. आठ घड्यांचा, पातळ, बारीक अक्षरांचा. मामांनी तो देवापुढं ठेवला. "जोडायच्या दिवशी वाचायचा. कागद वाचल्याबिगर पाना लावायचा न्हाय."

*

तो दिवस रविवार होता. त्याच आठवड्यात माझा निकाल लागला होता. मी बी.ए. झालो होतो. मामींनी पेढे आणलेले, शेजारचे दोघं-तिघं आलेले, मामांनी अंगणात पोतं अंथरून सगळे भाग मांडलेले. गुडघे तोवर वाईट झाले होते. मामांना मांडी घालता येत नव्हती, पाय लांब सोडून बसले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीच्या टपावर सायकल टाकून ईटला जायचं ठरलं होतं. मी वस्तीवर फोन करून सांगितलं होतं. आजी तेव्हा होती. म्हणाली, "पाणी भरून ठिवते."

मामांनी देवापुढचा कागद आणून माझ्या हातात दिला. तोंडात पेढा होता माझ्या.

"वाच ग्रॅज्युएट."

मी कागद उलगडला. पहिल्या ओळीत अभिनंदन केलं होतं.

"अभिनंदन केलंय, मामा."

"कुणाचं?"

"फ्रेम घेणाऱ्याचं."

"म्हंजे माझं?" त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. शेजाऱ्यांकडं बघितलं. "फुडं?"

पुढं मला येईना. बारीक अक्षरं, एकातून दुसरं निघालेलं वाक्य, कधी न बघितलेले शब्द. खाली एक तक्ता होता, प्रत्येक बोल्टापुढं आकडा. त्याच्याखाली दोन-तीन चित्रं. खिशात मोबाईल होता. एकेक शब्द शोधला असता तर अर्धा तास लागला असता, फार तर तास. पण चार माणसं बसलेली होती. माझ्या नावानं पेढे वाटलेले होते. आठवडाभरापूर्वी पदवीधर झालेल्या माणसानं सगळ्यांच्या देखत मोबाईल काढून शब्द शोधायचे?

"पुढं नेहमीचंच आहे मामा," मी म्हणालो. "सगळे बोल्ट नीट घट्ट बसवा म्हणतात. झालं."

"एवढ्या मोठ्या कागदात एवढंच?"

"बाकी तेच परत दुसऱ्या भाषांत आहे."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. त्यामुळंच बहुतेक माझा आवाज हलला नाही.

"सहीपर्यंत वाचलंस न्हवं?"

"व्हय मामा."

मी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मामांनी दुपारपर्यंत सायकल उभी केली. मी चाकं धरली, पाने दिले. काळी, हडकुळी, उमदी दिसत होती. टांगून तोलली, नऊ किलो नऊशे साठ. दहाच्या आत. मामींनी हळदीकुंकू वाहिलं. राहिली फक्त सीटची दांडी आवळायची. मामांनी उंची लावली, बोल्ट आवळला. घट्ट झाला. मग त्यांनी चावीवर लोखंडी पाईपचा तुकडा चढवला. वस्तीच्या दगडांवर सीट हलू नये म्हणून. एक श्वास घेतला. डोळे मिटले.

"ह्यो वरचा पाव."

कडब्याचं वाळलेलं धाट मोडावं, एवढाच आवाज झाला.

कुणाला काही कळलं नाही. शेजारी बोलतच होते. मामांनी डोळे उघडले, बोल्ट ढिला केला, दांडी बाहेर काढली आणि फ्रेमच्या नळीवरून अंगठ्याचं नख खाली आणलं. एका ठिकाणी नख अडलं. परत वर नेलं, परत अडलं. केसाएवढी रेघ, बोटभर लांब.

"काय झालं वो?" मामी म्हणाल्या.

एकेक करून मामांनी सगळे भाग काढले, हँडल, फोर्क, चाकं, सगळे. तासभर लागला. शेजारी उठून गेले. मग नुसती फ्रेम त्यांनी काट्याला टांगली. आकडा बघितला.

"वजन तेवढंच हाय," म्हणाले. "एक ग्रॅम बी कमी झालं न्हाय."

मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत म्हणाले, "कागदात बरोबर लिवलं हुतं. घट्ट बसवा. म्या जास्त बसवलं. जल्मभर ह्या हाताला लाडावून ठिवला."

माझ्या खिशात कागद होता. त्या क्षणी बोललो असतो तर फ्रेम सांधली गेली नसती, हे खरं. पण हात तरी वाचला असता त्यांचा.

मी वस्तीवर फोन करून एवढंच सांगितलं की उद्या येणं होत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात बसून मी तो कागद डिक्शनरी घेऊन वाचला. दीड तास लागला. तक्त्यात सीटच्या बोल्टापुढं आकडा होता, किती जोर द्यायचा त्याचा. जोर मोजायचा पाना मिळतो, तोच वापरा, हातानं अंदाज करू नका, लोखंडासारखं हे वाकत नाही, तडकतं, असं लिहिलं होतं. ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्या माणसाला हा तक्ता नुसता दाखवला असता तरी त्यानं वहीत उतरवून घेतला असता, आणि जोर मोजायचा पाना आल्याशिवाय बोल्टाला हात लावला नसता. आणि खालचं चित्र. चित्रात एक हात होता, चावीवर पाईप चढवून ओढणारा, आणि त्यावर मोठी फुली. अक्षराची गरजच नव्हती. ते चित्र माझ्या आजीलाही कळलं असतं.

पुण्याला फोन केला तेव्हा कळलं की कार्बन सांधून मिळतं. मामांना सांगितलं. "नगं," म्हणाले. "सांधून आली तरी आवळणार ह्योच हात." त्या दिवाळीपर्यंत गुडघे गेले. पुढच्या वर्षी आजी गेली. फ्रेम स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहिली, मामी तिला पिशव्या अडकवायला लागल्या.

*

मी आता कारकून आहे. टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, नावापुढं बी.ए. लिहिलेलं. लोक अर्ज घेऊन येतात, वाचून दाखवा साहेब म्हणतात. मी प्रत्येक ओळ वाचतो. ऑफिसात त्यासाठी माझी थट्टा होते.

मागच्या महिन्यात परंड्याला गेलो होतो. मामींनी दार उघडलं. अंगणात नळ टपटपत होता, खाली बादली लावलेली, बादली भरून पाणी वाहत होतं. आत गेलो तर लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं वर टेकवलेलं. पंखा डुगडुगत होता. तेलाच्या बाटलीला बूच नव्हतं. त्या घरात घट्ट असं काही राहिलेलंच नव्हतं.

मामा बाजेवर होते. काचबिंदूनं नजर गेलीय, उजेड-अंधार तेवढा कळतो. पण पावलं ओळखली.

"ग्रॅज्युएट का रं?"

"व्हय मामा."

"तेवढा नळ बंद कर. तुझी मामी म्हणती, लावा हात. माझ्या हाताचा भरवसा न्हाय आता."

मी जाऊन नळ आवळला. थेंब बारीक झाला, थांबला नाही. आणखी थोडा फिरवला.

"बास, बास!" आतून मामा दचकून ओरडले. "तुटंल!"

मी हात काढला. थेंब पडत राहिला.

माझ्या खिशात तोच कागद होता आणि त्याचं मी केलेलं मराठी, सहा पानं, सगळ्या तक्त्यासकट. वाचून दाखवायचं ठरवूनच गेलो होतो. बाजेजवळ बसलो. खिशात हात घातला. कान तिखट आहेत त्यांचे. "कसला कागुद वाजतोय?"

"काय नाही मामा. ऑफिसचा आहे."

"हां," ते म्हणाले. "वस्तीवर कसं हाय? चढ हाय का तसाच?"

"डांबरी झाला, मामा. आता मोटारसायकल वर जाते."

त्यांनी मान हलवली. मामी पेपर घेऊन आल्या. मामी चौथी शिकलेल्या. रोज दुपारी त्या मामांना पेपर वाचून दाखवतात, ओळीखाली बोट धरून, अक्षर अक्षर जोडत. त्या दिवशी कुणाच्या निधनाची बातमी त्यांनी सोडून पुढची घेतली. मामांना लगेच कळलं. "गाळलंस. मागं जा."

चहा घेऊन मी उठलो. एवढी शाळा शिकून मी जे मामांच्या तोंडावर बोलू शकलो नाही, ते इथं लिहिलंय. हे छापून आलं तर मामीच वाचून दाखवतील.

मामी, तुम्ही बोट धरून इथवर आला असाल, तर मधलं काही गाळू नका. त्या रविवारचं आधीच गाळलं असेल तर मागं जा. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबाल, माझी कीव येऊन थांबाल, तर थांबू नका. हात त्यांचा चुकला नव्हता. हे वाक्य दोनदा वाचा. निम्मं माझ्यापाशी राहिलंय आणि इतकी वर्षं मला ते ठेवायला जागा सापडली नाही. खाली माझं नाव आहे, तिथपर्यंत वाचा.

ग्रॅज्युएट